साडेचार बोटांची खूण

आमच्या शेडमध्ये तोंडाचा उपयोग फक्त खायला. चिंध्या फाडायची अकरा यंत्रं एकदम सुरू झाली की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून बोंबललात तरी त्याला नुसता तुमचा श्वास लागतो. लोकांनी टाकून दिलेले कपडे आमच्याकडे गठ्ठ्यांनी येतात. पलीकडच्या खोलीत बायका त्यांची बटणं आणि चेनी कापतात. मग ते पट्ट्यावरून यंत्राच्या तोंडात जातात. आत दातेरी पिंप फिरतं, आणि मागच्या बाजूनं करडा पिंजलेला कापूस पडतो. त्याची स्वस्तातली ब्लँकेटं होतात. तुम्ही पांघरली असतील. कुणाच्या शर्टाची, कुणाच्या मोज्याची, ते विचारू नका.

तर आम्ही हातांनी बोलतो. आमच्या आधीच्यांनी ही बोली रचली, त्यांच्या आधीच्यांनी त्यांना शिकवली. भूक लागली, चहा आला, साहेब आला, पोरगी झाली, सासू गेली, सगळ्याला खूण आहे. शिव्यांना तर इतक्या आहेत की दोन माणसं दिवसभर भांडून घरी जातात आणि घसा कोरडा पडत नाही. प्रत्येकाच्या हाताला त्याचा त्याचा आवाजही असतो. अंधुक उजेडात नुसते हात दिसले तरी कोण बोलतोय ते कळतं. मी खूण करण्याआधी तळवा मांडीला पुसतो. बटणावर अंगठा ठेवून हाताला घाम येतो, त्याची सवय. त्यावरून सगळे मला हसायचे.

या बोलीला एकच कडक नियम आहे. खूण मिळाली की ती परत करायची. जशी आली तशीच, आपल्या हातानं. म्हणजे समोरच्याला कळतं की याला पोचली. परत आली नाही तर समोरचा पुन्हा करतो, पुन्हा करतो, येईपर्यंत करत राहतो. परत न केलेली खूण हवेत लटकून राहते, असं जुने लोक म्हणायचे. मी हसायचो.

दोन खुणा तेवढ्या लक्षात ठेवा. थांब म्हणजे उघडा पंजा कानाशी वर. ती एका हातानं होते. चालू म्हणजे दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवायच्या. ती एका हातानं होत नाही, आणि मुद्दामच तशी केलेली आहे. दोन्ही हात यंत्राबाहेर असल्याशिवाय कुणाला चालू म्हणताच येऊ नये म्हणून. ज्यानं ही खूण बसवली त्याला सरकारनं कधी पदक दिलं नाही.

सात नंबरच्या यंत्रावर आम्ही दोघं. मी बटणावर, म्हणून मला सगळे बटणच म्हणायचे. तोंडाशी साडेचार. डाव्या हाताचं मधलं बोट त्याचं तरुणपणीच अर्धं गेलं होतं, याच शेडमध्ये. पिंपाला कपडा गुंडाळला गेला की यंत्र गुदमरतं, दिवसातून वीस वेळा. मग त्यानं डाव्या हातानं थांब करायचं, मी बटण बंद करून थांब परत करायचं, त्यानं उजवा हात खांद्यापर्यंत आत घालून गुंता ओढायचा. साडेचारनं पंजा वर केला की मधे फट दिसायची, पडलेल्या दातासारखी. नऊ वर्षं मी ती फट पाहिली.

यंत्राच्या तोंडाला खरं म्हणजे जाळी पाहिजे. जाळी उघडली की वीज तुटते, बटणावर गाढव बसलं तरी यंत्र हलत नाही. आम्ही मागितली होती. घड्याळसाहेब म्हणाला, बघू. घड्याळसाहेब आमच्या पाळीचा साहेब. चौदा वर्षांत तो आमच्या बोलीतली एकच खूण शिकला, मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटायची.

भांडण फालतू होतं. शेडमध्ये नवा पंखा आला तो साहेबानं माझ्या डोक्यावर लावला. साडेचारनं अख्ख्या शेडला दिसेल असं स्टुलावर चढून दाखवलं: आधी घड्याळावर बोट आपटलं, मग मनगटाला किल्ली दिल्यासारखी बोटं फिरवली, मग माझ्याकडे बोट केलं. म्हणजे घड्याळाला किल्ली हाच देतो. बाकीच्या दहा यंत्रांवरची वीस माणसं पोट धरून हसली आणि त्या हसण्याचा आवाज आला नाही. मला झोंबलं, कारण खोटं नव्हतं.

मी अबोला धरला. आमच्यात अबोला म्हणजे हात परत न करणं. तो थांब म्हणायचा, मी बटण बंद करायचो आणि तोंड फिरवायचो. तो चालू म्हणायचा, मी चालू करायचो आणि तोंड फिरवायचो. तो हसत हसत एकेक खूण तीनतीनदा करायचा, थांबायचा, मग मान हलवून कामाला लागायचा. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यानं वाट पाहायची सोडली. पंजा वर करायचा आणि सरळ हात आत घालायचा.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं होती. यंत्र गुदमरलं, मी बंद केलं. त्याचा उजवा हात आत. डावा पंजा वर, फट दिसत होती. घड्याळसाहेब माझ्या पाठीशी येऊन घड्याळावर बोट आपटू लागला. टक टक टक. मी तोंड फिरवलेलंच होतं. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून मला पंजा दिसत होता. दिसलाच नाही असं मी पुढं सांगितलं नाही, त्याहून वाईट सांगितलं, ते येईलच. मला वाटलं, बसू दे एक झटका. दचकू दे. स्टुलावर चढतो काय. पिंपाला वेग घ्यायला दोन श्वास लागतात, तेवढ्यात हात काढेल.

बाही अडकली.

त्या दिवशीचा कापूस वेगळा काढून जाळला.

चौकशीला दोन माणसं आली. वरच्या ऑफिसात बसली, जिथं इतकं शांत असतं की आमचे कान दुखतात. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"त्यांनी नेमकी कोणती खूण केली?"

"चालू."

"नक्की?"

"दोन्ही हातांनी केली. मी परत केली. मग यंत्र चालू केलं. नंतर त्यानं परत हात घातला. दोरा राहिला असेल एखादा."

त्यांनी लिहून घेतलं. घड्याळसाहेब शेजारी उभा होता, तो म्हणाला, "बरोबर, मी होतो ना तिथं." त्याला काय दिसणार, डोंबल. मयताची चूक, असं कागदावर आलं, आणि मयताचीच चूक म्हटल्यावर जाळीचा प्रश्न मिटला. मेलेला माणूस फार सोयीचा असतो. त्याच्यावर काहीही ठेवा, तो खाली टाकत नाही.

बाराव्या दिवशी पहिला हात वर आला.

तीन नंबरवाला चहा पीत होता. उजव्या हातात पेला, डोळे समोर भिंतीवर, आणि डावा पंजा हळूच कानाशी गेला. थांब. मधलं बोट अर्ध्यात मुडपलेलं.

सुट्टी होती, यंत्रं बंद होती. मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "मेलेल्या माणसाची टिंगल करतोस, लाज वाटत नाही?"

"कोण? मी चहा पितोय बाबा."

"हात बघ."

हात खाली आलेला होता. त्यानं हात उलटासुलटा करून पाहिला. "काय आहे? तुला झोप लागत नाही का हल्ली? डोळे बघ तुझे, चिंध्या झाल्यात."

आता तुम्ही एक करून बघा. पंजा उघडा आणि एकटं मधलं बोट अर्ध्यात मुडपा, बाकीची चार ताठ ठेवून. जमत नाही. शेजारचं बोट ओढलं जातं, थरथरतं. तीन नंबरवाल्याचं एक बोट हललं नव्हतं.

मग साडेचारच्या जागी नवा आला, लांबट, दुसऱ्या गावचा. त्यानं साडेचारला जन्मात पाहिलं नव्हतं. आमची बोलीही त्याला धड येत नव्हती, थांब करताना निरोप दिल्यासारखा हात हलवायचा. चौथ्या दिवशी त्यानं थांब केलं, आणि ते इतकं सफाईदार होतं की माझा अंगठा बटणावरच गोठला. फट होती. धड बोटांच्या मधे फट. मी तोंड फिरवलं.

मग केस कापणारा. त्याचा वस्तरा माझ्या गळ्याशी आणि दुसरा पंजा माझ्या कानाजवळ वर. मग रस्त्यात बससाठी उभी असलेली परकी बाई. मग औषधाच्या दुकानातला माणूस, सुटे पैसे मोजता मोजता. त्यांच्या तोंडावर काही नसायचं. माणूस आपल्या कामात असायचा, फक्त हात कामात नसायचा. मी तोंड फिरवलं की हात खाली जायचा. पुन्हा कुठंतरी दुसरा वर यायचा.

मग आई. आमच्या घरात आई आणि मी, दोघंच. रविवारी सकाळी ती खिडकीशी बसून लोकर गुंडाळत होती. गुंडी मांडीवरून सुटली, जमिनीवरून माझ्या पायाशी आली. मी वर पाहिलं. आईचा डावा हात कानाशी होता.

"काय गं?"

"काय? गुंडी दे इकडं."

"हात कशाला वर केलास?"

"माझा हात?" ती हसली. "तीन वर्षं खांदा धरलाय माझा, मेल्या. वेणी तूच घालतोस ना, सुंभासारखी? हात वर जात असता तर तुझ्या तावडीत कशाला सापडले असते?"

आईनं आमची शेड आतून कधी पाहिलेली नाही. मला तेव्हा कळलं हे काय आहे. हा शाप नव्हता, भूत नव्हतं, वेड नव्हतं. नियम होता. खूण परत आली नव्हती म्हणून तो पुन्हा करत होता. हात उरले नव्हते त्याला, मग मिळतील त्या हातांनी करत होता.

परत केली की संपेल, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण ती परत करायची म्हणजे ती मला मिळाली होती असं सांगायचं. मी केली नाही. तितका शहाणा मी होतो.

पाचव्या आठवड्यात नवा पळाला. हात सारखा भरून येतो, म्हणाला. त्याच्या जागी घड्याळसाहेबानं साडेचारच्या बायकोला आणलं. ती आधीपासून बटणं कापायच्या खोलीत होती. नवऱ्याच्या जागी बायकोला घेतलं असं कारखाना सगळ्यांना सांगत फिरला, जसं काही तिच्या गळ्यात हारच घातला. ते तोंड, ते पिंप, ती बाही, आणि जाळी नाही.

ती फाटकाशी मला भेटली. कात्री धरून धरून तिच्या अंगठ्याला घट्टा पडलेला आहे, बोलताना ती तो चोळत असते.

"भाऊजी, सोमवारपासून सातवर."

"वहिनी, नाही म्हणा."

"नाही म्हणून काय करू? दोन पोरी आहेत." तिनं अंगठा चोळला. "बटणावर दुसरा कुणी असता तर नाहीच म्हटलं असतं. तुम्ही आहात म्हणून हो म्हणाले."

मी चपलेचा अंगठा बघत राहिलो.

"एक विचारू? ते कधी विसरभोळे नव्हते. पीठ आणायला सांगितलं तर तीन वेळा पिशवी तपासणारा माणूस. चालू म्हणून परत हात कसा घातला त्यांनी?"

"घाई झाली असेल."

"त्यांना घाई?" ती म्हणाली. "आमच्या लग्नाला ते स्वतः उशिरा आले होते."

ती हसली आणि मग हसू तसंच तोंडावर विसरून निघून गेली.

सोमवारी पहिले दोन तास बरे गेले. तिला खुणा येत होत्या, नवऱ्यानं घरी शिकवल्या होत्या. म्हणे जेवताना दोघं पोरींना कळू नये म्हणून हातांनी भांडायची. तिचा हात लहान, नेमका, कात्रीसारखा. मी प्रत्येक खूण परत केली. थांबला थांब. चालूला चालू. तळवा मांडीला पुसून.

साडेदहाला यंत्र गुदमरलं. कुणाचा तरी लोकरी कोट होता, अस्तर पिंपाभोवती आवळलेलं. मी बंद केलं. तिनं पंजा वर केला, पाच धड बोटं. मी परत केली. तिनं उजवा हात आत घातला. खांदा गेला, गाल यंत्राच्या पत्र्याला टेकला, तोंड माझ्याकडे. गुंता सुटत नव्हता.

घड्याळसाहेब पाठीशी आला. टक टक टक.

माझा अंगठा बटणावर होता. हात आत असताना ठेवायचा नसतो, पण होता. घामानं चिकटला होता. मला आठवत नाही मी तो कधी ठेवला.

आणि वहिनीचं मधलं बोट मुडपलं.

बाकीची चार ताठ. तिचे डोळे माझ्यावर होते, पण त्यांत ती नव्हती. मी सवयीनं तोंड फिरवलं. फिरवलं तिकडे तीन नंबरवाला उभा होता, डावा पंजा कानाशी. त्याच्या मागं पाच नंबर. त्याच्या मागं आठ. अकरा यंत्रांवरची माणसं, एकूण एक, हात वर, आणि प्रत्येक पंजात ती फट. बाकीची यंत्रं धडधडत होती, पट्ट्यांवरून कपडे आपले आपण आत चालले होते. बटणांच्या खोलीच्या काचेमागं बायका उभ्या, कात्र्या खाली, हात वर. मी मागं वळलो. घड्याळसाहेबाचं टकटक थांबलं होतं. आपटणारं बोट हवेत राहिलं होतं आणि घड्याळाचाच हात, घड्याळासकट, कानाशी गेला होता.

तोंड फिरवायला आता बाजूच उरली नाही.

अंगठ्याखाली बटण जरासं खाली गेलं. मी दाबलं नाही. मी हे शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेची किंमत तुम्हाला माहीत आहे. अंगठा दाबत होता. त्याला ती वाट पाठ झाली होती.

मी डावा हात वर केला. थांब. पाच बोटं, उघडी. कुणाचा हात खाली गेला नाही. मग आठवलं, जशी आली तशीच परत करायची. मी मधलं बोट मुडपायला गेलो. मुडपेना. शेजारचं ओढलं गेलं, करंगळी वाकली, पंजा नुसता थरथरत राहिला. बटण अजून थोडं खाली गेलं.

तेव्हा मी अंगठा बटणावरून उपटला. कातडं सोलल्यासारखा उपटला. आणि त्या हातानं माझं मधलं बोट धरून दाबलं, मोडेल इतकं, अर्ध्यात. दोन्ही हात त्यातच गुंतले. बटणासाठी हात उरला नाही.

मी तसा उभा राहिलो, साडेचारच्या खुणेत.

एकेक करून हात खाली आले. वारा पडल्यावर दोरीवरचे कपडे खाली येतात तसे. माणसं डोळे मिचकावत आपापल्या यंत्राकडं बघू लागली, आणि मग माझ्याकडं. त्यांना आपल्या हाताचं काही ठाऊक नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच: बटण उभा आहे, आणि साडेचारचा थांब परत करतो आहे. आमच्या शेडमध्ये याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. खूण तोच परत करतो, ज्याला मिळालेली असते.

वहिनीनं हात बाहेर काढला. सावकाश, पूर्ण. तिनं मला हातानंच विचारलं: त्या दिवशी थांब?

मी मान डोलावली. मग हातांनी सगळं सांगितलं. स्टूल, पंखा, किल्ली, तीन दिवसांचा अबोला, डोळ्याचा कोपरा, झटका बसू दे. तोंडानं मला ते जन्मात जमलं नसतं. शेवटी तळवा मांडीला पुसला, मूठ कपाळावर आपटली आणि छातीवर आणली. चूक माझी.

घड्याळसाहेब माझ्या दंडाला धरून हलवत होता, ओरडत होता. त्याला काही ऐकू जात नव्हतं, कळत तर त्याहून नव्हतं. भर शेडमध्ये एक माणूस दुसऱ्याचा खून कबूल करत होता आणि साहेबाला वाटलं आम्ही सुट्टीचं ठरवतोय.

वहिनीनं सगळं पाहिलं. मग दोन्ही हात मागं नेले आणि पाठीशी बांधून धरले. चूक माझी, मी पुन्हा केली. तिचे हात मागंच. मी पुन्हा केली.

तिनं परत केली नाही.

पुढचं कागदावरचं आहे. मी वर जाऊन तोंडानं सांगितलं, सही केली. मयताची चूक खोडली गेली आणि ती खोडल्यावर आठ दिवसांत अकरा जाळ्या आल्या. इतक्या पटकन आल्या की कुठंतरी शेजारच्याच खोलीत ठेवलेल्या असाव्यात. मला काढून टाकलं, खटला चालू आहे, होईल ते होईल. मला पंजा पुन्हा कुठं दिसला नाही. केस कापणारा केस कापतो. आईचा खांदा धरलेला तो धरलेलाच आहे.

परवा दुपारी दार वाजलं. वहिनी होती. आत आली नाही, उंबऱ्यावरच उभी राहिली, अंगठ्याचा घट्टा चोळत.

"भाऊजी, बंद करा ते."

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय. पोस्टमन करतो. शाळेतल्या बाई करतात. काल जेवताना धाकटीनं केलं. आधी हात मांडीला पुसला तिनं. मूठ कपाळावर, मग छातीवर. विचारलं तर म्हणते, मी कुठं काय केलं."

"मी करत नाही, वहिनी. मी घरात बसून असतो."

"मग कोण करतं?"

"तुम्ही परत करा. एकदा केलीत की थांबेल. माझं थांबलं."

"नियम मला शिकवू नका," ती म्हणाली. "नियम मला जेवणाच्या ताटावर शिकवलाय त्यांनी."

माझ्या मागं खिडकीशी आई लोकर गुंडाळत बसली होती. गुंडी जमिनीवर पडल्याचा बारीक आवाज आला. वहिनी माझ्या खांद्यावरून तिकडं बघू लागली. मी वळून पाहिलं नाही. आईचा तळवा मांडीवरून फिरल्याचं मला ऐकू आलं, कापडावर कापड घासल्यासारखं. मग कपाळ. मग छाती.

वहिनीनं ते शेवटपर्यंत पाहिलं.

"आमच्या ह्यांनी किती दिवस धरून ठेवला होता हात?" तिनं विचारलं.

मी दिवस मोजलेले होते. "एकोणचाळीस."

"मग मला कसली घाई आहे," ती म्हणाली. दोन्ही हात काखांत घट्ट दाबून धरले आणि जिना उतरून गेली.